खाड्यांच्या हिशेबाने मालवण
मुंबई ते मालवण सागरी मार्गाने मोटरसायकल प्रवास करताना आखणी कशी करावी?

थंडीतील जोडून सुट्या आल्या की मालवणच्या भरड नाक्यावर मुंबई, ठाणे, पुणे आणि कोल्हापूरच्या क्रमांकांच्या मोटरसायकली ओळीने उभ्या दिसतात. त्यांवर आलेल्या तरुणांत दोन प्रकार सहज ओळखू येतात. रात्रभर महामार्गाने गाडी हाकून पहाटे पोहोचलेले डोळे चोळत खाटेच्या शोधात असतात. दुसरे समुद्राच्या कडेकडेने तीन-चार दिवस घेऊन आलेले असतात. त्यांच्या बुटांना लाल माती आणि बॅगांना मिठाचा पातळ थर चिकटलेला असतो. घरून निघताना दोघांनीही एकच प्रश्न विचारलेला असतो, तो म्हणजे ‘अंतर किती?’

महामार्गाने जाणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर पाचशे किलोमीटरच्या आसपास असे देता येते. सागरी मार्गाने जाणाऱ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. कोकणचा किनारा नकाशावर सलग रेघेसारखा दिसत असला, तरी सह्याद्रीतून उतरणाऱ्या प्रत्येक नदीने तो तोडलेला आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटण, देवगड, आचरा, कालावल आणि अगदी मालवणच्या वेशीवर कोळंब, असा हा खाड्यांचा क्रम आहे. काहींवर पूल आहेत, तर काहींवर अद्याप फेरीबोटीचाच आधार आहे. त्यामुळे येथील प्रवासाची आखणी ‘आज किती किलोमीटर’ अशी न करता ‘आज किती खाड्या’ अशी करावी लागते. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याच्यावर अंधार पडल्यावर निर्मनुष्य जेट्टीवर उभे राहून पलीकडच्या तीरावरचे दिवे पाहत बसण्याची पाळी येते.

खाडी ओलांडणे हा कोकणी जीवनाचा किती जुना भाग आहे, हे गावांच्या नावांवरूनही कळते. ‘तर’ म्हणजे नदी वा खाडी ओलांडण्याची नाव आणि ती जिथे लागते ती जागा. देवगड तालुक्यातील वाडातर आणि कुडाळ-मालवणदरम्यान कर्लीच्या पात्रावरील नेरूरपार ही नावे त्या काळाची साक्ष देतात. आज दोन्ही ठिकाणी पूल आहेत. नावे तेवढी राहिली.

समुद्राच्या कडेने सलग रस्ता असावा ही कल्पना राज्यकर्त्यांनी गांभीर्याने घेतली ती बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ या काळात. रायगडमधील रेवसपासून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकावरील रेडीपर्यंतचा हा सागरी मार्ग सुमारे पाचशे किलोमीटरचा. रस्त्याचे तुकडे होत गेले, काही पूल झाले, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल चार दशके कागदावरच राहिले. बाणकोटच्या खाडीत तर काम सुरू होऊन बंद पडले आणि अर्धवट उभे राहिलेले खांब पाहत फेरीबोटीतून जाण्याचा अनुभव प्रवाशांनी वर्षानुवर्षे घेतला. अलीकडे राज्य रस्ते विकास महामंडळाने या मार्गावरील मोठे पूल पुन्हा हाती घेतले आहेत. ते पूर्ण होतील तेव्हा पुढील सर्व हिशेब बदलतील. तोवर फेरीबोट हाच हिशेबाचा पाया.

फेरीबोटीचे गणित

मुंबईहून निघणाऱ्या दुचाकीस्वारापुढे पहिला पेच शहरातून बाहेर पडण्याचाच असतो. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही. त्यामुळे शीव-पनवेल रस्ता धरून वडखळमार्गे अलिबागला जाणे, किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडीसह चढणे, हे दोन मार्ग उरतात. ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. साधारण तासाभरात ती मांडव्याला पोहोचवते आणि पनवेल-वडखळच्या कोंडीतून सुटका करते. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटींत मोटरसायकल नेता येत नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे.

रेवदंड्यानंतर साळावचा पूल आणि पुढे मुरूड. तेथून आगरदांडा-दिघी ही पहिली मोठी फेरी. जंजिऱ्याच्या मागची राजपुरीची खाडी या बोटीने ओलांडली की श्रीवर्धन, हरिहरेश्वर हाकेच्या अंतरावर येतात. हरिहरेश्वरनजीक बागमांडल्याहून दुसरी फेरी सावित्री नदीच्या मुखावर वेशवीला उतरवते. तेथून केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ, मग वाशिष्ठीवरील दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि शेवटी शास्त्री नदीवरील तवसाळ-जयगड. या चार फेऱ्या झाल्या की गणपतीपुळे, आरे-वारेचा देखणा घाट, रत्नागिरी आणि तेथून मालवणपर्यंत सर्व खाड्यांवर पूल आहेत.

दुचाकी आणि चारचाकी वाहून नेणारी आधुनिक फेरीबोट या किनाऱ्यावर प्रथम दाभोळ-धोपावे येथे २००३ मध्ये सुरू झाली आणि मग इतर खाड्यांवर तिचा विस्तार झाला. त्यापूर्वी मोटरसायकल होडीत चढवायची तर दोन फळ्या आणि चार माणसे लागत. पाण्यावरचा वेळ बहुतेक ठिकाणी पाच-दहा मिनिटांचा, आगरदांड्याला थोडा अधिक. परंतु बोट नुकतीच सुटली असेल तर अर्धा-पाऊण तास धक्क्यावर थांबावे लागते. सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते, तेव्हा दुचाकीचा फायदा असा की तिला कोपऱ्यातही जागा मिळते.

फेरी चुकली किंवा खराब हवामानामुळे बंद राहिली तर काय, याचे उत्तर निघण्यापूर्वीच खिशात हवे. दाभोळची बोट नसेल तर दापोलीहून खेड, चिपळूण करत गुहागर गाठावे लागते. हा वळसा शंभराहून अधिक किलोमीटरचा आहे. जयगडची नसेल तर भातगावचा पूल आहे. बाणकोट टाळायचे तर आंबेत-म्हाप्रळचा पूल, मात्र तोही मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला होता, म्हणून आधी चौकशी करावी. दिवसाची पहिली आणि शेवटची बोट किती वाजता, हे ऋतुमानानुसार बदलते. आदल्या मुक्कामाच्या गावी चहाच्या टपरीवर विचारावे. मोबाइलवरच्या नकाशापेक्षा तेथील माहिती ताजी असते. नकाशा तुम्हाला वळशाच्या रस्त्याने नेतो किंवा बोट नसतानाही खाडीवरून सरळ रेघ ओढतो.

बोटीत गाडी चढविण्याचेही तंत्र आहे. धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्याने भिजलेला आणि शेवाळलेला असतो. तेथे पुढचा ब्रेक आवळला की चाक सटकते. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर, पाय मोकळे ठेवून हळू उतरावे. मागे कुणी बसले असेल तर त्याला आधी उतरवावे. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावावी आणि स्वतः तिच्याजवळ उभे राहावे. समुद्र पाहायला कठड्याशी गेलेल्यांच्या गाड्या शेजारच्या मोटारीवर कलंडल्याचे दृश्य या बोटींवर नवे नाही.

फेऱ्यांवर अवलंबून आखणी करणे ही काही कोकणापुरतीच गोष्ट नव्हे. पूर्व युरोपात मोटरसायकलने हिंडण्याचे स्वप्न आपल्याकडील अनेक तरुण पाहतात. तेथे रुमानिया आणि बल्गेरिया यांच्यामधील सीमा जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर डॅन्यूब नदीनेच आखलेली आहे. एवढ्या लांबीत १९५४ पासून जुर्जू-रुसे हा एकच पूल होता आणि दुसरा, व्हिदिन-कालाफातचा, २०१३ मध्ये झाला. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत तेथील प्रवाशांनाही एक तर पुलापर्यंत वळसा घ्यावा लागे किंवा नदीकाठी बोटीची वाट पाहावी लागे. आजही तेथे गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटी आहेत. ज्याला पुढे-मागे तिकडे जायचे आहे, त्याला दाभोळची जेट्टी ही वाईट शाळा नाही.

तीन मुक्काम, तीसची गती

सागरी मार्गावर सरासरी ताशी तीस किलोमीटर गती धरावी. हा आकडा ऐकून महामार्गावर सवय झालेले हसतात. परंतु रस्ता गावांच्या वाड्यांमधून जातो. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार आणि मध्ये एसटी समोरून आली की दुचाकीलाही थांबावे लागते. वळणांवर गुरे बसलेली असतात. चिरेखाणींच्या परिसरात ट्रकमधून सांडलेली जांभ्याची भुकटी डांबरावर पसरलेली असते. कोरडी असताना ती वाळूसारखी घसरते आणि पहिल्या सरीनंतर साबणासारखी. मार्च ते मे या काळात आंब्याच्या पेट्या घेऊन धावणाऱ्या टेम्पोंची भर पडते. त्यांच्या चालकांना वेळेत बाजार गाठायचा असतो, आणि देवगड-जामसंड्याच्या रस्त्यावर त्यांना वाट करून देणे हेच शहाणपणाचे.

ही गती धरली तर तीन मुक्काम पुरेसे होतात. पहिल्या दिवशी मुंबईहून निघून हरिहरेश्वर किंवा बाणकोट ओलांडता आल्यास केळशी. दुसऱ्या दिवशी दाभोळ आणि जयगड या दोन फेऱ्या करून गणपतीपुळे अथवा रत्नागिरी. तिसरा दिवस पुलांचा. भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, वाघोटण, पडेल कॅन्टीन असे करत विजयदुर्ग वा देवगड गाठता येते. तेथे थांबावे असे वाटले तर जरूर थांबावे, कारण चौथ्या दिवशीचा देवगड-मालवण हा तुकडा संपूर्ण मार्गातील बहुधा सर्वांत सुंदर आहे. तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर, तेथून मिठबाव, आचरे आणि मग कोळंबच्या पुलावरून मालवण. घाईने संध्याकाळी कापण्याचा हा रस्ता नव्हे. मावळतीचा सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि अरुंद पुलांवर समोरचे दिसत नाही.

एकाच दिवसात चारही फेऱ्या करून रत्नागिरी गाठल्याच्या शौर्यकथा ऐकू येतात. त्या खऱ्याही असतील. मात्र त्यात मुरूड, हर्णै, गुहागर पाहिले काय, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

गाडी कोणती, हा प्रश्न अकारण मोठा केला जातो. या रस्त्यांवर दीडशे सीसीची साधी मोटरसायकल पुरते. जड गाडी बोटीच्या उतारावर आणि वाड्यांमधील वळणांवर त्रासच देते. गाडीपेक्षा तिच्या तयारीकडे लक्ष द्यावे. क्लचची एक जादा वायर, पंक्चरचे साहित्य, हवेचा छोटा पंप आणि चेनसाठी तेल एवढे तरी सोबत असावे. खाऱ्या हवेत चेन लवकर कोरडी पडते आणि गंजते. म्हणून रोज मुक्कामी पोहोचल्यावर तिला तेल द्यावे आणि परत आल्यावर पूर्ण गाडी गोड्या पाण्याने धुवावी. पेट्रोलपंप तालुक्याच्या गावी हमखास मिळतात, मधल्या पट्ट्यात नेहमी नाही. त्यामुळे टाकी निम्मी झाली की भरून घेणे बरे. कागदपत्रे मोबाइलवरील डिजिलॉकरमध्ये चालतात. पण कित्येक वाड्यांत आणि घाटांत नेटवर्क जाते, तेव्हा ती आधीच उघडून ठेवावी.

पुळणीत गाडी घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ओली वाळू घट्ट भासते आणि भरतीचे पाणी चाकाखालची वाळू काढून नेते. किनाऱ्यावर वाहने अडकल्याच्या आणि चालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या दर पर्यटन हंगामात येतात. शिवाय वेळासपासून तांबळडेगपर्यंत अनेक किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालतात. तेथे चाक फिरवण्याचा हक्क कुणालाच नाही.

महामार्गाने येणारे चाकरमानी

या सगळ्या विवेचनात एका मोठ्या वर्गाचा विचार राहून जातो. गणपतीला गावी येणारा चाकरमानी सहलीसाठी निघालेला नसतो. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, एसटी भरलेली असते, खासगी बसचे भाडे परवडत नाही. मग तो शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर पत्नीला मागे बसवून, टाकीवर बॅग ठेवून, भर पावसात रात्री निघतो. त्याला सागरी मार्गाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. त्याचा रस्ता मुंबई-गोवा महामार्ग, जो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ होता आणि आता ६६ आहे.

या महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये पळस्पे-इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि दीड दशकाच्या आसपास रखडत राहिले. सिंधुदुर्गातील टप्पा तुलनेने लवकर पूर्ण झाला, त्यामुळे खारेपाटणनंतर गाडी मोकळी धावते. धोका उत्तरेकडच्या अर्ध्यात अधिक. अर्धवट कामाच्या ठिकाणी रस्ता अचानक एका बाजूला वळतो, दोन थरांमध्ये वीतभर उंचीची कड राहते, आणि पावसाच्या पाण्याखाली खड्डा आहे की नुसते डबके, ते रात्री कळत नाही. मोटारीला धक्का बसतो. दुचाकी आडवी होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या, तेव्हा अंधार आणि पाऊस हे दोन्ही सोबतीला होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि वाशिष्ठीवरील पुलाचेही नुकसान झाले. म्हणून पावसाळ्यात येणाऱ्याने रात्रीचा प्रवास सोडून पहाटे चार-पाचला निघावे आणि चिपळूण वा हातखंब्यापर्यंत उजेडातच पोहोचावे. गरज पडल्यास एक मुक्काम करावा. हा मुक्काम खर्चाचा वाटतो, हे खरे. पण गणपती दुसऱ्या दिवशीही घरीच असतात. वाटेत अपघात झालाच, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यभर आहे, आणि सिंधुदुर्गात शिरल्यावर ओरोसचे जिल्हा रुग्णालय महामार्गालगत आहे.

महामार्ग सोडून मालवणकडे वळण्यासाठी कसाल हे सर्वांत सोयीचे ठिकाण. तेथून कट्टा, कुंभारमाठ करत पस्तीसेक किलोमीटर. दक्षिणेकडून येणाऱ्याला कुडाळहून चौकेमार्गे जवळ पडते. कोल्हापूरकरांना करूळ आणि फोंडा असे दोन घाट आहेत. त्यातील करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता, आणि दरड कोसळण्याची सवय त्याने अजून सोडलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी दोन्ही घाटांची चौकशी आवश्यक.

मालवणात पोहोचल्यावर

मालवणची बाजारपेठ मोटरसायकलसाठीही अरुंद आहे. जड बॅगांसह बाजारात शिरण्यापेक्षा आधी मुक्काम गाठावा. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, तो किल्ला तेव्हा जेट्टीवरूनच पाहावा लागतो. तारकर्ली-देवबागचा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवरून जातो. देवबागच्या टोकाला तो संपतो. समोर भोगवे दिसते, पण गाडी घेऊन पलीकडे जाण्याची सोय नाही. वेंगुर्ल्याकडे निघालेले कित्येक जण येथवर येतात, समोरचा किनारा पाहतात आणि उलटे फिरतात. त्यांनी मालवण-चौके रस्त्याने नेरूरपारचा पूल गाठावा. तेथून परुळे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी असा मार्ग सरळ आहे. रेडीपुढे तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेस असूनही गोव्यात मोडतो. त्याच्या पायथ्याशी पुन्हा एक फेरीबोट भेटते आणि ती केरीच्या तीरावर उतरवते.

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने करायलाच हवा असे नाही. मालवणला रेल्वे स्थानक नाही, परंतु कुडाळ, कणकवली ही कोकण रेल्वेची स्थानके जवळ आहेत. मोटरसायकल पार्सल म्हणून रेल्वेने पाठविता येते. त्यासाठी टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते, गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. सर्व गाड्यांत आणि सर्व स्थानकांवर पार्सल घेतले जात नाही, म्हणून पार्सल कार्यालयात आदल्या दिवशीच जावे. चार दिवसांच्या रजेत सागरी मार्गाने यायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे असेल, तर हाच पर्याय उरतो. बांधणी करणारे लोक आरसे काढायला सांगतात. ते स्वतःच्या बॅगेत ठेवावेत.